आवाजाच्या आधी

एम्प्रेस मार्केटसमोर गाडी अडकलेली असताना वजाहत मोहियुद्दीनच्या तोंडून "अम्मी" असा शब्द निघून गेला. मोठ्यानं नाही, पण पुढे बसलेल्या गुल नवाबनं आरशातून मागे पाहिलं, इतका तो ऐकू गेला. गाडीच्या नाकासमोरून एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. उजव्या हातात भाजीची टोपली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी कपड्याची कड किंचित उचललेली, आणि पाऊल टाकण्याची ती रीत: आधी चवडा टेकवायचा, क्षणभर थांबायचं, जमीन तापलेली तर नाही ना याची जणू खात्री करून घ्यायची, आणि मगच टाच खाली ठेवायची. या शहरात असं एकच माणूस चालायचं आणि त्या माणसाला कबरीत उतरवताना खाली उभं राहून झेलणारे हात वजाहतचेच होते. त्याला बरीच वर्षं लोटली होती. मग एका रिक्षावाल्यानं शिवी हासडली, म्हातारीनं वळून त्याला तितक्याच तोलाची परत केली, आणि वजाहतला तिचा चेहरा दिसला. सावळा, जाड चष्म्याचा, गळ्यात बारीक क्रूस, अंगात फुलाफुलांचा झगा. ती अम्मी नव्हती. ती एर्मेलिंडा डायस होती. त्याच्या एकुलत्या एक सिनेमात जिनं गुलरुख या नावानं अम्मीचं काम केलं होतं, ती गोवेकर मुलगी. मुलगी कसली आता. त्याच्याच वयाची, सत्तरी ओलांडलेली.

चला, नटी ओळखली, संपलं, असं म्हणून त्यानं पुन्हा मांडीवरच्या कागदांत डोकं घातलं असतं. पण डोळे मिटून त्यानं सहज, नुसतं पडताळून पाहावं म्हणून, आपल्या खऱ्या अम्मीला स्वयंपाकघरातून दालनापर्यंत चालवून पाहिलं. ती चाललीही. खांद्यावरून घसरलेली ओढणी, हातात गुलाबपाण्याची सुरई. आणि तिच्या गालावर डावीकडून उजेड पडला होता. बहादुराबादच्या त्या घरात स्वयंपाकघराच्या डाव्या हाताला भिंत होती, सबंध भिंत, खिडकी नव्हती. खिडकी होती ती स्टुडिओत. कॅमेरामननं हट्टानं डावीकडून उजेड घेतला होता आणि वजाहतनं त्याची पाठ थोपटली होती. त्यानं अम्मीला पुन्हा मागे नेलं, पुन्हा चालवलं. पुन्हा डावीकडून उजेड. मग तिला कपडे वाळत घालायला पाठवलं, नमाजाच्या चटईवर बसवलं, आजारपणात उशीला टेकवून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे बघणारे डोळे त्याचे नव्हते, कॅमेऱ्याचे होते. त्याला भीती वाटायला हवी होती, पण वाटलं ते कुतूहल. घरातली एखादी खोली आपण इतकी वर्षं वापरतोय आणि तिचं दार दुसऱ्याच कुणाच्या घरात उघडतं असं अचानक कळावं, तसं. मग माझं काय उरलं आहे, हा प्रश्न त्यानं स्वतःला अगदी शांतपणे विचारला. तिचं असं काही, जे मी रचलेलं नाही?

कारण रचलं तर त्यानं पुष्कळ होतं. विशीत असताना त्यानं तिच्यावर कथा लिहिली आणि त्या कथेनं तो लेखक झाला. तिशीत त्याच कथेचा सिनेमा केला. तो लाहोरच्या थिएटरांतून तीन दिवसांत उतरला आणि नंतर परदेशात कुणीतरी टाळ्या वाजवल्यामुळे मायदेशी थोर ठरला. चाळिशीनंतर राजकारणात आला तेव्हा त्याच्या असं लक्षात आलं की भाषणाच्या शेवटी अम्मीला उभं केलं की समोरची माणसं गप्प होतात. तेव्हापासून दर भाषणाच्या शेवटी अम्मी यायची. दालनात पांढरी चादर, उदबत्तीचा धूर, मध्ये ती, आणि "माझी अम्मी गायची तेव्हा भिंतसुद्धा कान द्यायची" हे वाक्य. दोनदा सेनेटर झाला, काही महिने मंत्री झाला, राजीनामा दिला, पुन्हा उभा राहिला, आणि प्रत्येक वेळी त्या बिचारीला चादरीवर येऊन बसावं लागलं. आत्ताही तो पक्षाच्या बैठकीला चालला होता. संध्याकाळी महिला आघाडीसमोर बोलायचं होतं आणि मांडीवरच्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत ती भिंत कान द्यायला तयार उभी होती.

त्यानं दार उघडलं. गुल नवाबनं विचारलं, कुठं. वजाहत म्हणाला, येतो जरा. गुल नवाब स्वातचा पठाण, अठरा वर्षं त्याच्याकडे, मालकाला बोलायचं तर हसू दाबून बोलायचं हा त्याचा रिवाज. तो म्हणाला की मागच्या निवडणुकीत साहेब शेवटचे पायी चालले होते, तेव्हाही चार माणसं हात धरायला होती, आणि आज तर मतदारही कुणी दिसत नाही. वजाहतनं कागद सीटवर ठेवले. बैठकवाल्यांचा फोन आला तर काय सांगू, असं गुल नवाबनं विचारलं. सांग, साहेब अम्मीकडे गेलेत. यावर मात्र गुल नवाबचं हसू गेलं. त्यानं मान खाली घातली आणि हलकेच आमीन म्हटलं, बहुधा कबरस्तान समजून.

फुलाफुलांचा झगा मसाल्याच्या गल्लीत शिरला होता. तो मागे मागे गेला. हळदीचे, सुक्या लिंबांचे ढीग, पिंजऱ्यातली कोंबडी, कुणीतरी "सेनेटर साहेब, सलाम" म्हणालं आणि त्याच्याच शेजाऱ्यानं "हे अजून आहेत?" असं विचारलं, तेही ऐकू आलं. पुढे ती दोन बोटांत कड उचलून चालत होती आणि आता त्याला वाटत होतं की ही चाल मीच हिला शिकवली असणार. मीच सांगितलं असणार, असं चाल म्हणून. पण सांगितल्याचं आठवत नव्हतं. आठवत होतं ते वेगळंच. आठवत होते जोडे. घरी मिलाद असला की बायकांचे जोडे जिन्यावर जमायचे, आणि एक दिवस त्या जोड्यांपाशी त्याला बसवण्यात आलं. त्याआधी तो आत असायचा. पैगंबरांच्या जन्माची कथा अर्धी सांगायची, अर्धी गायची, आणि सांगण्यातून गाणं कधी सुरू झालं ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हे मिलाद वाचणारीचं खरं कसब. अम्मी त्यात अशी होती की नाझिमाबादेहून बायका तिच्यासाठी बस बदलून यायच्या. साधं बोलता बोलता, वाळवंटात तान्ह्या पैगंबरांना दूध पाजणाऱ्या दाई हलीमाचं गाढव कसं मागे पडलं, दूध कसं आटलेलं होतं हे सांगता सांगता तिचा आवाज कुठेतरी जमीन सोडायचा, आणि दालनभर बायका एकदम डोलायला लागायच्या, म्हाताऱ्या डोळे पुसायच्या, लेकुरवाळ्यांना कडेवरचं मूल जड वाटेनासं व्हायचं. गाऊन सांगितलेली गोष्ट अंगात वेगळीच उतरते. ती पटवून घ्यावी लागत नाही, ती आत येऊन बसलेलीच असते. तो हे सगळं आत बसून ऐकायचा, आणि मग एका मिलादला कुणीतरी शेजारीण त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली की बाई, हा तर आता समजता झाला. झालं. पुरुष झाला. अम्मीनं त्याच्याकडे पाहिलं आणि नुसती दाराकडे मान केली. त्यानंतर तिचा आवाज त्याला दारापलीकडूनच मिळाला. शब्द गळून गेलेला, नुसता गुंजारव, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखा. तिनं तो आवाज कधी टेपवर येऊ दिला नाही. रेडिओवाले एकदा घरी आले होते, त्यांना चहा मिळाला. परके पुरुष ऐकतील, एवढंच तिचं म्हणणं. मोठेपणी त्यानं कथेत त्या आवाजाला चार पानं दिली आणि समीक्षकांनी त्या चार पानांचं कौतुक केलं, पण ती पानं जिन्यावर बसलेल्या मुलानं अंदाजानं लिहिलेली होती.

जुन्या दगडी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ती कुलूप उघडत असताना तो पायऱ्यांवर धापा टाकत पोचला. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"डायरेक्टर साहेब," ती म्हणाली, "तुम्ही नेहमीच उशिरा यायचात सेटवर. पण एवढा उशीर?"

आत येशूच्या तसबिरीखाली लाल दिवा होता, खिडकीत सिरक्यातल्या मिरच्यांची बरणी उन्हाला ठेवलेली. तिनं पंखा लावला, टोपली ओट्यावर ठेवली, त्याला खुर्ची दिली, आणि स्वतः टेकायच्या आधीच त्याला टोमणे मारून घेतले. म्हणाली, टीव्हीवर भाषणं बघते तुमची, शेवटी आईला आणता आणि माझं नावसुद्धा घेत नाही. अहो, पडद्यावर तरी मीच होते ना. मग हसली. नवरा गेला, मुलं ऑस्ट्रेलियात, रविवारी चर्चमध्ये गाते, गुडघे कुरकुरतात, असं तिनं एका दमात सांगून टाकलं. विचारायचं कसं ते त्याला सुचत नव्हतं. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारलेला माणूस. शेवटी त्यानं सरळच विचारलं की तू चालतेस ती चाल कुणाची.

तिनं मिरच्यांची बरणी उन्हाकडे सरकवली. मग म्हणाली, "क़ुदसिया बेगमची. तुमच्या अम्मीची. मला वाटलं होतं, शूटिंगच्या पहिल्याच दिवशी ओळखाल."

आणि मग तिनं जे सांगितलं ते तो ऐकत गेला. काम मिळालं तेव्हा ती घाबरली होती. मिलाद वाचणाऱ्या बाईचं काम करायचं आणि तिनं आयुष्यात मिलाद पाहिलेला नव्हता. तिला कुणीतरी बहादुराबादचा पत्ता दिला. उसना बुरखा घालून, सलमा असं नाव सांगून ती दर गुरुवारी दुपारी बायकांत जाऊन बसू लागली. बसायची, बघायची, घरी येऊन आरशासमोर करून बघायची. कुणाला काही कळलं नाही. मग एका गुरुवारी दुआ संपली, सगळ्या बायकांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले, आणि एर्मेलिंडाचा हात, इतका तो आवाज मनात भरला होता की आपोआप, कपाळावर गेला, छातीवर गेला, डाव्या खांद्यावर, उजव्या खांद्यावर. भर दालनात, बुरखा घालून, तिनं स्वतःवर क्रूस काढला होता. शेजारच्या बाईच्या हातातला बत्तासा खाली पडला. कुणीतरी पुटपुटलं, कुणी उठून उभं राहिलं. आणि चादरीवरून क़ुदसिया बेगमचा आवाज आला की बसा गं सगळ्या, जिचा हात जसा उठतो तसा उठू द्या, वर पोचला की झालं.

"नंतर मला स्वयंपाकघरात नेलं," एर्मेलिंडा म्हणाली. "बगारा भात वाढला, आंबट वरण वाढलं. मी रडत सगळं सांगून टाकलं, तुमच्या मुलाच्या सिनेमात मी तुम्ही होणार आहे म्हणून. तर हसायलाच लागली. ओढणी तोंडात कोंबून हसली. म्हणाली, पाशा माझा सिनेमा करतोय आणि मला दारापाशी सुद्धा विचारलं नाही."

पाशा. हे त्याचं घरचं नाव त्यानं कथेत घातलं नव्हतं, सिनेमात नव्हतं, भाषणात तर नाहीच. खुर्चीच्या हातावरचा त्याचा हात आपोआप उलटा झाला, तळवा वर, जसा लहानपणी अम्मीनं काही खाऊ द्यावा म्हणून व्हायचा.

त्यानं विचारलं, मग मला का नाही सांगितलंत, दोघींनीही. एर्मेलिंडा उठली, चहाचं आधण ठेवायला म्हणून पाठ फिरवली आणि त्याच्या अम्मीच्या दखनी हेलात म्हणाली, "पाशाकू नक्को बोल. उसे वाटू दे, सगळं त्यालाच आठवलं. लेखक आहे माझा." मग तिच्या स्वतःच्या आवाजात पुढे म्हणाली की सिनेमा लागला तेव्हा बायकांच्या खेळाला आम्ही दोघी गेलो होतो, मागच्या रांगेत. वजाहतला वाटत आलं होतं की अम्मीनं तो सिनेमा कधी पाहिलाच नाही. या एका गोष्टीवर तो तिच्यावर कितीतरी वर्षं मनातल्या मनात रुसून होता आणि तो रुसवा त्याच्या लिखाणाला मानवला होता. अम्मी काय म्हणाली, असं त्यानं विचारलं तेव्हा एर्मेलिंडानं आधणात साखर टाकली. म्हणाली, "बाहेर आल्यावर म्हणाली, बाई माझीच चालली, माझीच बसली. पण गायली कुणी दुसरीच."

अर्थात दुसरीच. तो धंद्याचा रिवाजच होता. पडद्यावर ओठ एकीचे, गळा दुसरीचा. निर्मात्यानं लाहोरची नावाजलेली गायिका आणली, ध्वनिमुद्रण आधी झालं, आणि सेटवर भोंग्यातून ते गाणं वाजत असताना गुलरुखनं ओठ हलवायचे होते. आणि इथे, चहाच्या आधणाचा आवाज ऐकत असताना, वजाहतला एकदम संकलनाची ती अंधारी खोली आठवली. छोट्या पडद्यावर गुलरुख चादरीवर बसलेली. गाणं सुरू होण्याआधी ती श्वास घ्यायची तो चुकत होता. गायिका एका दमात श्वास घेऊन सुरुवात करत होती. ही मुलगी अर्धा श्वास घ्यायची, अडखळल्यासारखी थांबायची, मग उरलेला घ्यायची. तोवर गाणं सुरू झालेलं असायचं आणि ओठ मागे पडायचे. सेटवर त्यानं तिला किती वेळा सांगितलं होतं की बाई, श्वास चुकतोय. ती बरं म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. संकलकानं वैतागून विचारलं, हिचं काय करायचं. आणि वजाहतनं सांगितलं होतं, काप, श्वासाचा तेवढा तुकडा काप, थेट गाण्यावर ये. कात्री चालल्याचा आवाज झाला होता. त्या खोलीच्या फरशीवर फिल्मचे तुकडे नेहमीच पडलेले असायचे, संध्याकाळी झाडूवाला ते गोळा करून न्यायचा.

"तो श्वास," तो म्हणाला.

"हो, तिचाच." तिनं कप पुढे केला. "तुम्ही ओरडायचात. मला वाटायचं सांगून टाकावं, पण शब्द दिला होता."

त्यानं चहा घेतला नाही. एवढी वर्षं जिन्यावर बसून ज्याचा नुसता गुंजारव ऐकला ते सगळं, शब्दांसकट, चढउतारांसकट, या समोरच्या बाईच्या गळ्यात आहे हे त्याला आत्ता नीट उमगत होतं. जगात दुसरं कुठे नव्हतं. त्या दालनातल्या बायका गेल्या, टेप नव्हती, आणि त्याच्या डोक्यात जे होतं त्याच्यावर डावीकडून उजेड पडत होता. तो आर्जव करायला शिकलेला नव्हता. पक्षाचं तिकीट मागतानासुद्धा तो कधी मागितल्यासारखं मागायचा नाही. आता मात्र तो पुढे सरकून म्हणाला, "एर्मेलिंडा, एकदा म्हणून दाखव. हलीमाचं. दोन ओळी. मी कुणाला सांगणार नाही, लिहिणार नाही, भाषणात आणणार नाही."

खाली गल्लीत कुणी डाळिंबं विकत होता. तिनं चष्मा काढून झग्याच्या कडेला पुसला.

"नाही जमणार," ती म्हणाली, आणि त्यात कठोरपणा मुळीच नव्हता. "बाकी सगळं घे म्हणाली होती. चाल घे, हात घे, ओढणी सावरते ते घे, श्वास घे. आवाज नक्को. परक्या पुरुषासमोर नक्को."

"मी परका आहे?"

"मीही तेच विचारलं होतं, मुलानं मागितलं तर. म्हणाली, त्यालाही जिन्यावर बसवलंय ना मी. एकाला आत घेतलं तर बाकीच्यांच्या मुलांनी काय करायचं?" आणि मग, "माझ्याकडे देवाला दिलेले शब्द पुष्कळ मोडलेले आहेत, साहेब. त्याला सवय झालीय. पण हा तिचा आहे."

तो खुर्चीत मागे टेकला. गंमत अशी की त्याला राग आला नाही. आतून एक जुनी, ओळखीची जागा हाताला लागली, जिन्याचा थंड दगड, शेजारी रचलेले जोडे, आणि ज्याचं दार बंद आहे त्या आवाजाची ओढ. निदान एवढं तर माझंच होतं, असं त्याला वाटलं. याच्यावर उजेड कुठूनही येत नव्हता, कारण जिना अंधाराच होता. खिशात फोन थरथरला. बैठकवाले असणार. त्यानं तो काढलाही नाही. उठावं, म्हणून त्यानं हात टेकले.

"बसा," एर्मेलिंडा म्हणाली. "श्वास घे म्हणाली होती ना."

तिनं खुर्ची बाजूला सारली आणि गुडघ्यांना शिव्या देत जमिनीवर बसली. पाय एका अंगाला मुडपले. खुंटीवरचा टॉवेल ओढून डोक्यावर घेतला, त्याची कड डाव्या कानामागे अडकवली, डोळे खाली केले. फुलाफुलांचा झगा तिथेच होता, क्रूस तिथेच होता, लाल दिवा, सिरक्याचा वास. ती कुणासारखी दिसत नव्हती. मग तिचे खांदे उचलले गेले आणि तिनं श्वास घेतला. अर्धा. थांबली. त्या थांबण्यात वजाहतच्या उजव्या कानाला ऊब जाणवली. कान कशावर तरी टेकलेला होता, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडावर, आणि त्या कापडाच्या आत काहीतरी भरत चाललं होतं. आवाजाच्या आधीचं. तो आत बसून ऐकायचा असं त्यानं सगळीकडे लिहिलं होतं, पण तो बसलेला नव्हताच. फार लहान होता. तिच्या मांडीवर, कूस करून, पोटाला कान लावून निजलेला असायचा, आणि दालनातल्या कुणाही बाईच्या आधी त्याला कळायचं की आता गाणं येणार, कारण ते त्याच्या डोक्याखालून यायचं. हे त्यानं कुठे लिहिलं नव्हतं. कुणाला दाखवलं नव्हतं. दाखवता येण्यासारखं नव्हतंच ते, मिटल्या डोळ्यांनी घडलेलं. एर्मेलिंडानं उरलेला श्वास घेतला. तो भरून राहिला. तिचे ओठ उघडले आणि तसेच राहिले, शब्दाशिवाय. खोलीत कुणीच काही गात नव्हतं, आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं, त्यानं न उचलता, बोटभर वर उचललं गेलं.